खंडेनवमीचा सर्व्हर आणि थोरले साडू

खामगावात संकट आलं की माणसं धावतात. जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीतून धूर निघाला तर धावतात, जलंबची गाडी सुटायला आली तर धावतात, आणि काहीच झालेलं नसलं तरी चार जण धावताना दिसले म्हणून पाचवा धावतो. अशा या गावात संकट आल्यावर खाली बसणारा एकच माणूस आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. नुसते बसत नाहीत ते. दोन्ही हात मांड्यांखाली घालतात आणि स्वतःच्याच हातांवर बसतात. पाहणाऱ्याला वाटतं, माणसाला थंडी वाजते आहे. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाले, "साडूभाऊ, मशीन बिघडलं का पह्यले आपले हात शिवशिवतात. मशीनचं नुकसान त्याच्या बिघाडानं कमी होते, या हातायनं जास्त होते. म्हणून यायले दाबून ठेवतो."

डेटाबेस सांभाळणं हा त्यांचा धंदा. सर्व्हरच्या पोटात माहिती कप्प्याकप्प्यांनी, ओळीओळींनी लावून ठेवलेली असते. तिला दुखलंखुपलं की गावातल्या जिनिंगवाल्यांपासून तेलगिरणीपर्यंत सगळे यांना बोलावतात. पुण्याच्या एका कंपनीत बरीच वर्षं काढून ते परत आले. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे माई म्हणायचो, ती त्यांची बायको. माईला जाऊन आता काही वर्षं झाली. जिच्यामुळे आम्ही साडू, तीच नाही. तरी त्यांचं साडूपण काही कमी झालं नाही. उलट मला अधूनमधून वाटतं, ते थोडं वाढलंच आहे आणि त्याचा सगळा भार माझ्यावर पडतो.

त्यांची पहिली खोड म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न. कोणत्याही दुखण्यावर ते एकच विचारतात, "काल काय बदललं?" तेलगिरणीचा सर्व्हर एकदा बैलगाडीच्या चालीनं चालायला लागला. मालक म्हणाले, "काहीच नाही बदललं साहेब." हे उठले आणि पायात चप्पल घालायला लागले. "मंग मी जातो घरी. काही बदललं नाही तं बिघडलं बी नाही." मालकांनी दोन वेळा चहा पाजल्यावर हळूहळू बाहेर आलं की पुतण्यानं स्वतःच्या मोबाइलवर दर मिनिटाला गिरणीच्या जन्मापासूनची सगळी पोती मोजून दाखवायची सोय करून घेतली आहे. सर्व्हर बिचारा मोजून मोजून दमला होता. हाच प्रश्न ते माणसांनाही विचारतात. माझं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांच्या आधी हे हजर. "काय बदललं?" मी म्हटलं, काही नाही. ते मुकाट्यानं आमच्या स्वयंपाकघरात गेले आणि लोणच्याची नवी बरणी हातात घेऊन बाहेर आले. निम्मी रिकामी होती. त्या दिवसापासून माझी बायको मला सोडून त्यांच्यावर विश्वास ठेवते.

दुसरी खोड अमावास्येची. बॅकअप घेतला एवढं ऐकून त्यांचं समाधान कधी झालेलं नाही. "पत्रिका छापून आनली म्हणजे लगन लागलं काय?" असं ते बॅकअप घेणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. ती नक्कल दुसऱ्या मशीनवर उभी करून, उघडून, आतली चार माणसं ओळखीची निघतात का ते पाहिल्याशिवाय तिला ते बॅकअप म्हणतच नाहीत. ही परीक्षा दर अमावास्येला. अमावास्या का, तर तारीख विसरते, अमावास्या विसरत नाही. परिणाम असा की दर अमावास्येला हा माणूस दार लावून घेतो, जुन्या कॉम्प्युटरसमोर बसतो आणि जी आज्ञा द्यायची ती आधी स्वतःला मोठ्यानं मराठीत वाचून दाखवतो: "अमक्याले उचल, तमक्याच्या जागी ठेव, जुन्याले हात लावू नको." शेजारीण बरेच दिवस तिच्या नातवाला त्यांच्या दारावरून नेत नसे.

आणि परवानग्या. माझ्या मुलीच्या लग्नात कोठीघर त्यांच्याकडे होतं. कोणी लाडू बघायचे, कोणी उचलायचे, कोणी नवीन ठेवायचे आणि परात रिकामी झाली असं ठरवायचा अधिकार कोणाला, हे त्यांनी आधीच लावून दिलं होतं. मी वधूपिता. मला फक्त बघायची परवानगी होती. मी दाराशी उभं राहून लाडू बघितले आणि परत मांडवात गेलो. तक्रार केली तर म्हणाले, "तुमची गरज तेवढीच हाये. डॉक्टरनं गोड बंद केलं ना?"

असा माणूस घरात असताना मी जे केलं ते मी का केलं, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे: मी धार्मिक आहे.

मी गावातल्या एका न्यासाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात व्यवस्थापक आहे. आमची गाडी खेड्यांत जाते, शिबिर भरवते, मोतीबिंदूच्या माणसांचे डोळे यंत्रानं मोजते. प्रत्येक डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर वेगळा. तो या मोजणीतून निघतो. मग त्या माणसांना दवाखान्यात आणून ऑपरेशन करायचं. या कारभारात पूर्वी फार कागद होते. मी आलो आणि ठरवलं की दवाखाना कागदमुक्त करायचा. मोजणीच्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी निघायची, तिची गुंडाळी मी बंद केली. शिबिराच्या लॅपटॉपवरून एकेक नोंद सर्व्हरला पाठवली की ती लॅपटॉपवरून आपोआप पुसली जावी, हीही सोय मीच मागून घेतली, कारण एकच गोष्ट दोन ठिकाणी असणं मला अव्यवस्थित वाटतं. शेवटी अनेक वर्षांचे जुने केसपेपर टाइप करून घेतले आणि ते सगळे एकदम सर्व्हरमध्ये घालायचं ठरवलं. साडूभाऊंना विचारलं तेव्हा म्हणाले, "घाला. पन घास लहान घ्या." मी मनात म्हटलं, लाडूंच्या वेळीही यांनी माझा घासच अडवला होता. आणि खंडेनवमीला दुपारी सगळा घास एकदम लावून दिला.

संध्याकाळी पूजा होती. आमच्याकडे खंडेनवमीला औजारांची पूजा होते आणि पूजा झाली की औजारानं विश्रांती घ्यायची. त्या दिवशी शेतकरी विळा उचलत नाही आणि न्हावी वस्तरा. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सूक्ष्मदर्शक, गाडीचं स्टिअरिंग, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. सर्व्हर मात्र कोपऱ्यात घुंघुं करत कामच करत होता. मला ते पाहवेना. ज्यानं वर्षभर एक दिवस सुट्टी घेतली नाही त्याला आज तरी विसावा मिळावा म्हणून मी पाच बोटं कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नमस्कार केला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. त्या वेळी जुन्या केसपेपरांचा घास त्याच्या गळ्यात अर्धा होता आणि आमच्या तपासणाऱ्या सिस्टर बाहेर गाडीत बसून अमडापूरच्या शिबिराच्या नोंदी पाठवत होत्या, हे मला माहीत होतं की नव्हतं, असं नंतर मला बऱ्याच जणांनी विचारलं.

दसऱ्याला सगळं बंद. एकादशीला सकाळी आमची बस अमडापूर आणि आजूबाजूच्या गावांची म्हातारी माणसं घेऊन आली. त्यांत आमच्या दोघांच्या सासूबाई होत्या.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. त्यांचा एक डोळा तरुणपणी तुरीच्या फणकटाची वाळकी काडी लागून गेला. दुसऱ्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की जावई कोणता आणि दाराची चौकट कोणती हे त्या आवाजावरून ठरवायच्या. ऑपरेशनसाठी आम्ही त्यांना दोनदा आणलं होतं. पहिल्यांदा बस दवाखान्याशी पोचते तोच मांजर आडवी गेली, त्या त्याच बसनं परत. दुसऱ्यांदा शेजारच्या खाटेवरची बाई रात्री रडली; सकाळी खाट रिकामी. या वेळी शिबिर त्यांच्याच गावात भरलं, तरी त्या गोठ्यात जाऊन बसल्या होत्या. साडूभाऊ स्वतः अमडापूरला जाऊन, म्हशीशेजारी बसून, त्यांना समजावून शिबिरात घेऊन आले. त्यामुळे त्यांची मोजणी सगळ्यांच्या शेवटी झाली. आणि निघताना सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा एकच डोया हाये माह्या. या टायमाले काही आडवं आलं तं मी वापस येईन, आन् मंग मले कोनी पुन्ना त्या दारात न्यायचं नाही. दिसन तेवढं दिसन." सासूबाई बोलल्या म्हणजे ते झालं. डॉक्टर म्हणाले होते, हा मोतीबिंदू आणखी पिकू दिला तर हाही डोळा जाईल.

तर एकादशीला सकाळी मी बटण चालू केलं. सर्व्हर घुंघुं करू लागला, आणि पडद्यावर आलं की डेटाबेस सध्या उपलब्ध नाही, दुरुस्ती चालू आहे. मी बटण बंद करून पुन्हा चालू केलं. तेच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. माझ्या दृष्टीनं मी त्याला उठवत होतो. बाहेर म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब पडायला लागले होते. डॉक्टर अकोल्याहून येऊन पोचले होते आणि दुपारनंतर त्यांना तिकडच्या दवाखान्यात परत हजर व्हायचं होतं. डोळे पुन्हा मोजावेत तर मोजणीचं एकुलतं एक यंत्र सिस्टरांबरोबर पहाटेच साखरखेर्ड्याच्या शिबिराला गेलेलं. संध्याकाळशिवाय परत येत नाही. मी साडूभाऊंना फोन केला.

ते स्कूटरवरून आले. हात धुतले, पाणी प्यायले आणि विचारलं, "काय बदललं?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी सर्व्हरकडे पाहिलं. हारातल्या दोन झेंडूंच्या पाकळ्या पंख्याच्या जाळीत ओढल्या जाऊन फडफडत होत्या. कुंकू ओघळून सर्व्हरच्या बटणापर्यंत आलं होतं. त्यांनी हार दोन्ही हातांनी काढला, कपाळाला लावून खिडकीत ठेवला आणि हळूच म्हणाले, "बंद कसा केला होता?"

"बटणानं."

"कोनत्या?"

"भिंतीवरच्या."

"आन् आज सकायपासून?"

"त्याच्याचनं. तीन वेळा."

ते खुर्ची ओढून हातांवर बसले. माझ्यावर कोणी ओरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. बराच वेळ ते नुसतं वाचत होते. सर्व्हर स्वतःबद्दल जे लिहून ठेवतो ते ते नेहमी आधी वाचतात. त्यांच्या मते रोगी बोलत असताना डॉक्टरनं नाडीसुद्धा धरू नये. मग म्हणाले, "हे बिघडलं नाही साडूभाऊ. हे आवरून राह्यलं. तुमचा अर्धा घास गयात अडकला, तं थे आता दान्या-दान्यानं बाहेर काढून राह्यलं. अर्धवट काही ठेवत नाही हे. एक तं पुरं, नाही तं काहीच नाही. तुमी बटन दाबलं का ह्याले पह्यल्यापासून मोजा लागते. आता कोनी हात लावायचा नाही."

"किती वेळ लागेल?"

"जितका लागन तितका."

पण ते थांबून राहिले नाहीत. स्वतःचा लॅपटॉप काढला आणि अष्टमीच्या रात्रीचा बॅकअप त्यावर उभा करायला घेतला. नवमीचा बॅकअप नव्हताच. तो रात्री व्हायचा, आणि रात्री सर्व्हर माझ्या कृपेनं विसावा घेत होता. अष्टमीच्या नकलेत इतर गावांची शिबिरं होती. अमडापूरचं तेवढं नव्हतं. सर्वपित्री अमावास्येला श्राद्धाचं जेवण झाल्यावर त्यांनी हेच सगळं करून पाहिलेलं होतं, म्हणून त्या दिवशी त्यांचा हात कुठे अडखळला नाही. आज्ञा द्यायच्या आधी त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि मराठीत वाचून दाखवली. मी मान हलवल्यावरच एंटर दाबलं. थोड्या वेळानं इतर गावच्या माणसांचे भिंगाचे नंबर निघाले आणि ऑपरेशनं सुरू झाली. बाकावर उरली ती अमडापूरची मंडळी. त्यांच्यात सासूबाई, मांडीवर पिशवी, पिशवीचे बंद मनगटाला दोन वेढे दिलेले. माझी बायको त्यांच्या शेजारी बसली होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

"काऊन बसवलं आमाले?" सासूबाईंनी विचारलं. "थ्या लाखनवाड्याच्या बाया तं गेल्या बी अंदर."

"नंबरानं घेतायत आई," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

दुपार कलायला लागली. सर्व्हरच्या आवराआवरीचा आकडा मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होता. डॉक्टर दोन ऑपरेशनांच्या मध्ये दारात डोकावून म्हणाले, "अमडापूरचं काय ते लवकर सांगा. मला निघावं लागेल." साडूभाऊ सासूबाईंना पाणी द्यायला बाहेर गेले, आणि नेमकं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात लाल पट्टी दिसायला लागली: डिस्क भरत आली आहे. जागा संपली की हे काम मध्येच थांबणार, एवढं मलाही कळलं. कुठली फाइल एवढी फुगली आहे म्हणून पाहिलं तर सर्व्हरची रोजनिशी. काय केलं, काय खोडलं, काय परत ठेवलं, सगळं तिच्यात लिहिलेलं. मी मनाशी म्हटलं, एवढं संकट आणि हा दैनंदिनी लिहितोय. मोबाइलवर कोणीतरी सांगितलंही होतं की ही फाइल उडवली की जागा होते. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"साडूभाऊ, हात."

ते दारात होते. आवाज चढलेला नव्हता. मी हात काढला.

"थे रोजनिशी नाही हो. आवरून राह्यलं थे तिच्यात पाहून आवरून राह्यलं. तिले उडवलं तं त्याले कयणारच नाही का आपुन कुठं होतो. मंग अमडापूरबी गेलं, आन् मांगचं समदंबी गेलं." त्यांनी मला शेजारी बसवलं आणि माझे हात माझ्या मांड्यांखाली घालायला लावले. मग इतर जागा कशानं व्यापली आहे ते पाहिलं. तिथे माझ्या मुलीच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग निघालं. हळदीपासून पाठवणीपर्यंत, तीन कॅमेऱ्यांचं. रिकामी जागा दिसली म्हणून मीच ठेवलं होतं. साडूभाऊंनी ते सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवलं. जाता जाता त्यांना कोठीघराच्या दारातला मी दिसलो असणार, कारण त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. लाल पट्टी मागे सरकली.

त्यानंतर आम्ही दोघे शेजारीशेजारी, हातांवर बसून, एका आकड्याकडे पाहत राहिलो. न्यासाचे एक वयस्क विश्वस्त येऊन आमच्याकडे पाहून गेले. त्यांना ते एखादं व्रत वाटलं असावं. माझ्या हातांना मुंग्या आल्या. शेजारच्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो त्यांच्या बोलण्याइतका संथ नव्हता. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, या माणसाला भीती वाटते.

आकडा पूर्ण झाला. डेटाबेस उघडला. मी उडी मारून उठलो आणि म्हणालो, "द्या, द्या नंबर, डॉक्टर निघतायत."

"थांबा. आधी पाहू द्या सगळे आले का."

"अहो, उघडलाय ना तो."

"घराचं दार उघडलं म्हणजे घरातले लोक हायेत असं नाही." त्यांनी आधी डेटाबेसकडून स्वतःची तपासणी करून घेतली. मग अमडापूरची नावं घेऊन बाहेर बाकापाशी गेले आणि एकेका माणसाला नाव विचारून पडद्यावरच्या नावाशी जुळवलं. जो जुळेल त्याचा नंबर आत जायचा, मागोमाग तो माणूस. बाक रिकामा होत गेला. शेवटी सासूबाई उरल्या, आणि पडद्यावर नावं संपली होती.

मी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. साखरखेर्ड्याला सिस्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजीबाईंची नोंद सर्वांत शेवटी पाठवली. लॅपटॉपवरून तर ती पुसली गेली आहे. म्हणजे लॅपटॉपनं पाठवली, सर्व्हरनं अजून पक्की केली नव्हती, आणि मधल्या त्या क्षणात मी भक्तिभावानं बटण दाबलं. सर्व्हरनं आपला धर्म पाळला होता: जे पक्कं नाही ते ठेवायचं नाही.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अंदाजानं एक भिंग घालता येतं. साधारण जमतंही. पण बाईंचा हा एकच डोळा आहे. मी नाही घालणार." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या पहाटे लवकर इकडे येऊन गेलो तरी अकोल्याला वेळेवर पोचेन. संध्याकाळी यंत्र आलं की मोजून घ्या. पण त्या राहणार असतील तरच."

त्या राहणार नव्हत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी साडूभाऊंना बाजूला घेतलं. "त्यांना सांगू, डॉक्टरांना तातडीचं बोलावणं आलं. किंवा आज एकादशी, मुहूर्त उद्याचा चांगला आहे. मुहूर्ताचं त्यांना पटेल."

"नाही," ते म्हणाले. "काही गेलं असन तं आधी काय गेलं थे सांगा लागते. मंग कसं गेलं थे. मंग आता काय करू शकतो थे. याच क्रमानं. गिरनीवाल्याले बी मी असंच सांगतो."

"अहो, त्या गिरणीवाल्या नाहीत. त्या उठून चालू लागतील. आणि पुन्हा येणार नाहीत."

"मले माहीत हाये."

ते बाकावर सासूबाईंच्या शेजारी बसले. या वेळी हात मोकळे होते. कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मी खांबाआड उभा राहिलो.

"आई, तुमच्या डोयाचं माप गेलं," ते म्हणाले. "बाकी सगळ्यायचं सापडलं. तुमचं एकटीचं गेलं. थे आता येत नाही."

सासूबाईंनी मान वळवली. "गेलं म्हन्जे?"

"शेवटी मोजलं होतं तुमचं. मशीनमधी पुरतं उतरलं नव्हतं, तवा लहान्या जावयानं मशीन बंद केलं."

मी खांबाला आणखी चिकटलो.

"काऊन बंद केलं?"

"खंडेनवमीची पूजा होती. मशीनले आराम म्हणून."

पिशवीचे बंद सासूबाईंच्या मनगटाला आवळत गेलेले मला दिसले. माझी बायको तोंडाला पदर लावून उभी होती.

"आता काय हाये, का मोजनीचं यंत्र सांजच्याले येते," साडूभाऊ पुढे म्हणाले. "पुन्ना मोजा लागन. डॉक्टर उद्या पायटी तुमच्या एकटीसाठी येतो म्हनते. तुमाले रातभर इथं राहा लागन. घरी जायचं असन तं मी गाडी करून नेतो, आत्ता नेतो. पन मंग डोया राहीन का नाही थे मले सांगता येत नाही."

बाहेर बसचे ड्रायव्हर शेखचाचा परतीच्या माणसांना हाका मारत होते: "अमडापूरवाले, चलो, बैठो." सासूबाईंचं तोंड त्या आवाजाकडे वळलं. त्या उठल्या. मी डोळे मिटले.

"मांजर आडवी गेली तवा समदे म्हने, काही होत नाही," त्या म्हणाल्या. "थे बाई रडे तवा बी म्हने, काही होत नाही. मोठी पोरगी दवाखान्यात होती तवा बी मले अख्खे दिवस असंच म्हनत होते, काही होत नाही, काही होत नाही." त्यांनी तोंड साडूभाऊंकडे वळवलं. "तवा बी तुमीच एकटे खरं बोल्ले होते मले." मग हातानं चाचपत त्यांनी बाक पुन्हा शोधला आणि बसल्या. "चाचाले म्हना, जा तुमी. आन् त्या लहान्याले बलवा."

मी खांबाआडून आलो.

"पूजा तं नीट केली ना?"

"हो आई. हारसुद्धा घातला होता."

"मंग देवीले मंजूर असन. आता च्या सांगा, माह्या घसा वायला. एकादसीले चालते च्या."

संध्याकाळी यंत्र आलं. सासूबाईंचा डोळा पुन्हा मोजला. साडूभाऊंनी तो आकडा सर्व्हरमध्ये पक्का करून घेतला, वाचून पाहिला, आणि मग मी कोपऱ्यातून शोधून काढलेल्या जुन्या गुंडाळीवर त्याची चिठ्ठीही काढायला लावली. मी ती चिठ्ठी खिशात ठेवायला घेतली तर म्हणाले, "तुमच्याजवळ नको." दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टर आले आणि ऑपरेशन झालं.

पट्टी काढायच्या सकाळी आम्ही सगळे खाटेभोवती होतो. सासूबाई आधी खिडकीकडे पाहत राहिल्या. मग माझ्या बायकोकडे, मग माझ्याकडे. "पोट सुटलं तुमचं," मला म्हणाल्या. मग साडूभाऊंकडे वळल्या आणि तिथेच थांबल्या. ते पायथ्याशी उभे होते, नेहमीचा पांढरा शर्ट घालून. मी तो माणूस आठवड्यातून चारदा पाहतो; मला त्याच्यात बघण्यासारखं कधी काही दिसलं नव्हतं. सासूबाई पाहत होत्या. शर्टाचं तिसरं बटण निळं होतं आणि काळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं, उलटसुलट वेढे देऊन, गाठ वरच्या बाजूला.

"हे बटन कोनं लावलं?"

"मीच, आई."

"कवाचं?"

त्यांनी बटणाकडे पाहिलं. प्रत्येक गोष्ट कधी बदलली याची नोंद ठेवणारा हा माणूस, त्याला आठवेना. "झाले असतील काही दिवस," असं काहीतरी म्हणाले.

"जवळ या," सासूबाई म्हणाल्या. ते वाकले. डॉक्टरांनी हात डोळ्यापासून लांब ठेवायला सांगितले होते, म्हणून त्यांनी दोन बोटांनी नुसतं ते बटण धरलं, ओढून पाहिलं आणि सोडून दिलं. "पक्कं हाये," म्हणाल्या. "राहू द्या. दिवाईले येसान तवा बाकीचे शर्ट घेऊन या संगं. मी लावून देईन सारके. आता दिसते मले."

साडूभाऊ तसेच वाकून उभे राहिले, जणू आणखी काही तपासायचं राहिलं असेल तर तेही होऊन जावं.